अमेरिकेतली दंतवैद्यक क्लिनिकल लायसन्स परीक्षा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सांगलीकडची. बीडीएस महाराष्ट्रात केलं, अमेरिकेत येऊन पुन्हा दोन वर्षं शिकले, लायसन्स मिळवलं आणि आता रोज प्रॅक्टिस करते. गावाकडून, पुण्याहून, गोव्याहून आणि इथल्याच न्यू जर्सी-टेक्सासमधून फोन येतात. प्रश्न बहुतेक तेच असतात आणि विचारणाऱ्यांच्या मनातली धाकधूकही तीच. म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवते आहे. नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, त्यामुळे हे वाचून झाल्यावर परीक्षेचं चालू वर्षाचं मॅन्युअल आणि आपल्या राज्याच्या डेंटल बोर्डाचे नियम स्वतः वाचायचेच.

ही परीक्षा नेमकी कसली? तिला 'प्रादेशिक' का म्हणतात?

आपल्याकडे इंटर्नशिप संपली की राज्याच्या डेंटल कौन्सिलकडे नोंदणी होते आणि दवाखाना उघडता येतो. विद्यापीठाची परीक्षा हीच शेवटची. अमेरिकेत पदवी आणि लायसन्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लायसन्स केंद्र सरकार देत नाही, प्रत्येक राज्य आपापलं देतं. त्यासाठी साधारण तीन पायऱ्या असतात: मान्यताप्राप्त पदवी, राष्ट्रीय लेखी परीक्षा आणि हाताची परीक्षा. ही तिसरी म्हणजे आपली क्लिनिकल परीक्षा. याशिवाय बऱ्याच राज्यांत तिथल्या कायद्याची एक छोटी परीक्षा असते.

पूर्वी प्रत्येक राज्य हाताची परीक्षा स्वतःच घ्यायचं. राज्य बदललं की पंधरा वर्षं दात कोरलेल्या माणसालाही पुन्हा परीक्षेला बसावं लागे. मग शेजारशेजारची राज्यं एकत्र येऊन सामाईक परीक्षा घेऊ लागली. ईशान्येकडची 'नर्ब' १९६९ मध्ये सुरू झाली. पुढे पश्चिमेकडे, मध्य भागात, दक्षिणेत अशाच संस्था झाल्या. 'प्रादेशिक' हा शब्द तिथला. नर्बचं नाव नंतर सीडीसीए झालं आणि २०२१-२२ च्या सुमारास सीडीसीए, पश्चिमेची डब्ल्यूआरईबी (बोलण्यात 'रेब') आणि सीआयटीए या तीन संस्था एक झाल्या. आज 'ॲडेक्स' नावाची परीक्षा बहुसंख्य राज्यांत चालते. त्यामुळे फोनवर कुणी 'नर्ब दिली', 'रेब दिली' म्हणालं तर ते जुन्या काळातलं बोलत आहेत असं समजा. खाली मी मुख्यतः ॲडेक्सबद्दलच लिहिते आहे.

माझं बीडीएस महाराष्ट्रातलं आहे. थेट ही परीक्षा देऊन लायसन्स मिळेल का?

बहुतांश राज्यांत नाही. मुंबईचं सरकारी दंत महाविद्यालय असो, नायर असो की बांबोळीचं गोवा दंत महाविद्यालय, आपली पदवी अमेरिकेच्या 'कोडा' या मान्यता मंडळाच्या यादीत बसत नाही. म्हणून बहुतेकांना इथल्या डेंटल स्कूलमध्ये दोन ते तीन वर्षांचा 'ॲडव्हान्स्ड स्टँडिंग' अभ्यासक्रम करून डीडीएस किंवा डीएमडी (दोन्ही इथल्या दंतवैद्यकाच्या पदव्या) घ्यावी लागते. त्याचे अर्ज 'कॅपिड' या सामाईक व्यवस्थेतून जातात. लेखी परीक्षा मात्र बीडीएसवर देता येते आणि बरेच जण ती भारतात असतानाच अभ्यासून ठेवतात.

क्रम लक्षात ठेवा: मार्कलिस्टचं मूल्यांकन, लेखी परीक्षा, इंग्रजीची परीक्षा, प्रवेश, अभ्यासक्रम आणि त्याच्या शेवटच्या वर्षात ही क्लिनिकल परीक्षा. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट पाठवून घेण्याचं काम सगळ्यात आधी सुरू करा. लोक सहा महिने अभ्यासात घालवतात आणि शेवटी अर्ज एका लिफाफ्यासाठी अडतो.

लेखी परीक्षा पास झाले. मग पुन्हा हाताची परीक्षा कशाला?

लेखी परीक्षा म्हणजे 'आयएनबीडीई'. ५०० प्रश्न, दोन दिवस. ती २०२० मध्ये सुरू झाली आणि जुन्या पार्ट वन, पार्ट टूची जागा तिने घेतली. कीड कुठवर गेली आहे हे तुम्हाला कळतं का, ते ती बघते. ती कीड काढताना शेजारच्या दाताला धक्का न लावता थांबता येतं का, हे हाताच्या परीक्षेत दिसतं. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत हे दवाखान्यात बसणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

एक वेगळी वाटही आहे. 'डीएलओएससीई' नावाची संगणकावरची परीक्षा २०२० पासून आहे. तिच्यात हात चालवावा लागत नाही, फक्त क्लिनिकल निर्णय तपासले जातात. मोजकी राज्यं ती मान्य करतात. पण पुढे कुठे राहणार हे नक्की नसेल तर हाताची परीक्षा देऊन ठेवणंच मला शहाणपणाचं वाटतं.

डेंटिस्टच्या परीक्षेत काय काय करावं लागतं?

एक भाग संगणकावर असतो. तो प्रोमेट्रिक या परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रात देतात: फोटो, एक्स-रे, केस बघून निदान आणि उपचाराची योजना. बाकीचे भाग मॅनिकिनवर, म्हणजे खुर्चीला लावलेल्या डोक्यात बसवलेल्या टायपोडॉन्टवर (कृत्रिम दातांच्या जबड्यावर).

एंडोमध्ये, म्हणजे रूट कॅनालच्या भागात, दोन दात. वरच्या पुढच्या मधल्या दाताचं ॲक्सेस, म्हणजे आत शिरायचं भोक, करून कॅनाल (मुळातली नळी) साफ करायचं आणि गटा पर्चा या रबरासारख्या पदार्थाने भरायचं. वरच्या पहिल्या दाढेचं फक्त ॲक्सेस. वेळ तीन तास. दाढेत बहुतेक जण घाबरून भोक लहान ठेवतात. मग छताचा तुकडा आत राहतो किंवा एखादं कॅनालचं तोंड सरळ दिसत नाही. दुसऱ्या टोकाला घाईत बर (दात कापायचं फिरतं टोक) तळाला लागतो. तिथे भोक पडलं की तो भाग संपला.

प्रॉस्थोमध्ये, म्हणजे क्राउन-ब्रिजच्या भागात, चार तासांत तीन क्राउन प्रेप, म्हणजे टोपी बसावी म्हणून दात कापून तयार करणं. वरच्या पहिल्या दाढेवर धातूच्या क्राउनचं, पहिल्या उपदाढेवर पीएफएमचं (आत धातू, वर पोर्सलेन) आणि पुढच्या मधल्या दातावर सिरॅमिकचं. दाढ आणि उपदाढ हे दोन्ही एकाच ब्रिजचे खांब धरायचे असतात, हे विसरू नका. म्हणजे प्रत्येक प्रेप वेगळं सुंदर असून भागत नाही. ब्रिज दोन्हींवर एकाच दिशेने बसला पाहिजे. या मुद्द्याकडे खाली पुन्हा येते, कारण तो मला महागात पडला होता.

रिस्टोरेटिव्हमध्ये, म्हणजे फिलिंगच्या भागात, मागच्या दातावर क्लास टू आणि पुढच्या दातावर क्लास थ्री (दोन्ही दोन दातांच्या मधल्या बाजूची कीड). प्रेप आणि फिलिंग दोन्ही तपासले जातात. हल्ली जे दात वापरतात त्यांत इनॅमल, डेंटिन आणि कीड असे वेगवेगळे थर असतात. कीड मऊ लागते, एक्सप्लोरर (तपासायची टोकदार सळई) रुततो. कीड ठरलेल्या मापापेक्षा खोल गेलेली दिसली तर आपल्या मनाने खोदायचं नाही. किती, कुठे आणि का वाढवायचं आहे ते लिहून परीक्षकाची परवानगी मागायची. हे 'मॉडिफिकेशन' मागणं आपल्याकडे कुणी शिकवत नाही. आपण सरांना विचारतो, सर म्हणतात 'घे अजून थोडं'. इथे मिलिमीटरमध्ये मागायचं असतं आणि कारण पटलं नाही तर विनंती नाकारली जाते आणि गुणही जातात.

स्केलिंगचा पेरिओ (हिरड्यांचा) भाग काही राज्यांनाच लागतो. आपल्या राज्याला लागतो का ते आधी बघा. लागत नसला तरी पुढे राज्य बदलायची शक्यता असेल तर देऊन टाका.

पूर्वी स्वतः रुग्ण शोधून न्यावा लागे म्हणतात. खरं आहे का?

खरं आहे, आणि त्याबद्दल मला मनापासून बोलायचं आहे. करोनाच्या आधी फिलिंग आणि स्केलिंग जिवंत माणसावर करावं लागे. रुग्ण परीक्षार्थीनेच आणायचा. कीड नेमकी हवी तेवढी: फार लहान चालत नाही, फार मोठी चालत नाही. मी परीक्षा दिली तेव्हा महिनाभर एक्स-रे बघत हिंडत होते. ज्या माणसाची कीड अगदी नियमात बसत होती, त्याला पहाटे सव्वासहाला फोन केला तेव्हा तो बंद होता. माझ्या वर्गातल्या मैत्रिणीने तिचा राखीव रुग्ण मला दिला म्हणून मी त्या दिवशी उभी राहू शकले.

माझी अडचण तरी लहान होती. त्या पद्धतीत रुग्णाचं काय होत होतं ते बघा. दाताला तेव्हाच उपचार हवा असला तरी 'परीक्षेपर्यंत थांबा' असं सांगितलं जाई. तीन दात किडलेले असले तरी परीक्षेला लागणारा एकच केला जाई. रुग्णांना पैसे देऊन आणण्याचे प्रकार चालत. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २००५ मध्येच रुग्णांवरची परीक्षा बंद व्हावी असा ठराव केला होता, पण प्रत्यक्षात ती मोठ्या प्रमाणावर मॅनिकिनवर आली ती २०२० मध्ये, करोनाने रुग्ण बोलावणंच अशक्य केल्यावर. आता परतीची वाट असू नये असं माझं ठाम मत आहे. ज्या माणसाच्या तोंडात आपण बर घालतो तो आपल्या गुणांचं साधन नसतो.

तपासणी कशी होते? परीक्षक भारतीयांना नापास करतात असं ऐकलं.

हे मनातून काढून टाका. तपासणारे परीक्षक तुम्हाला बघत नाहीत. तुमच्या कामावर नाव नसतं, नंबर असतो. तीन परीक्षक एकमेकांशी न बोलता स्वतंत्रपणे तपासतात, आणि एकट्या परीक्षकाच्या मतावर 'गंभीर चूक' ठरत नाही. उत्तीर्ण व्हायला ७५ लागतात. किरकोळ उणिवांचे गुण कापले जातात, पण काही चुका अशा आहेत की एकच झाली तरी तो भाग गेला: चुकीचा दात, कीड राहून जाणं, शेजारच्या दाताला मोठी इजा, मुळाला भोक, ब्रिजच्या खांबांत अंडरकट (ब्रिज बसू न देणारा आत वळलेला भाग).

म्हणून तयारी करताना शंभरपैकी शंभरच्या मागे लागू नका. गंभीर चुकांची यादी पाठ करा आणि प्रत्येक टप्प्याला स्वतःला विचारा की आत्ता यातली कुठली होऊ शकते. सुबक प्रेप करणारे हुशार हात मी नापास होताना पाहिले आहेत, आणि साधंच पण मापात काम करणारे शांतपणे पास होताना पाहिले आहेत.

नापास झाले तर?

मी प्रॉस्थोत पहिल्यांदा नापास झाले होते, त्यामुळे हे पुस्तकी उत्तर नाही. नापास झालेला भागच पुन्हा द्यावा लागतो. सगळे भाग पूर्ण करायला १८ महिने मिळतात. ते उलटले की सुरुवातीपासून. तीनदा नापास झाल्यावर अनेक राज्यं आधी जादा प्रशिक्षण पूर्ण करायला लावतात, म्हणून दुसऱ्या प्रयत्नाला घाईने बसू नका.

माझं काय चुकलं ते सांगते. तिन्ही प्रेप मला आवडले होते. दाढेची पुढची भिंत मी अगदी सरळ ठेवली होती, जरा जास्तच. उपदाढ पुढच्या बाजूला किंचित झुकली होती. प्रत्येक दात वेगळा बघितला तर चूक दिसत नव्हती. ब्रिज मात्र बसला नसता. त्यानंतरचे दोन महिने मी एकच गोष्ट केली. दर दहा मिनिटांनी हँडपीस खाली ठेवायचा, मोठा आरसा दातांच्या वर धरायचा, एक डोळा मिटायचा आणि आरसा न हलवता दोन्ही दातांचं पूर्ण मार्जिन (प्रेपची हिरडीकडची कड), गोल फिरून, एका नजरेत दिसतं का बघायचं. एखादा तुकडा भिंतीआड गेला की तिथे अंडरकट आहे. दोन्ही डोळे उघडे ठेवले की ते दिसत नाही, कारण दोन डोळे दोन कोनांतून बघतात आणि लपलेलं मार्जिनही दिसल्यासारखं वाटतं. आजही ब्रिज करताना माझा डावा डोळा आपोआप मिटतो.

तयारी कशी करावी? क्लास लावावा का?

परीक्षेत जो टायपोडॉन्ट असतो त्याच कंपनीच्या दातांवर सराव करा. कॉलेजात वापरलेले दात कदाचित वेगळे कापले जातात. प्लॅस्टिकवर बर पळतो, खऱ्या इनॅमलचा विरोध नसतो, त्यामुळे दवाखान्यात दहा वर्षं काम केलेले लोक पहिल्या दिवशी जास्त कापतात. अनुभव इथे आड येऊ शकतो हे मान्य करून बसलं की सुधारणा लवकर होते.

दात कापण्याआधी पुट्टीचा इंडेक्स (दाताच्या मूळ आकाराचा साचा) घ्या आणि मधोमध कापून ठेवा. प्रेपवर परत ठेवला की किती जागा झाली ते दिसतं. धातूला वर साधारण दीड मिलिमीटर, सिरॅमिकला टोकाकडे साधारण दोन. हे आकडे सगळ्यांना पाठ असतात, पण डोळ्याने दीड मिलिमीटर ओळखणं वेगळं. आपल्या प्रत्येक बरची जाडी मोजून कागदावर लिहा. बर हीच तुमची पट्टी.

सुरुवातीचे पंधरा दिवस घड्याळ लावू नका. नंतर मात्र प्रत्येक सराव पूर्ण वेळेचा, मॅनिकिनचं डोकं खुर्चीत, गाल लावलेले, पाणी चालू, मास्क आणि चष्मा घालून. टायपोडॉन्ट हातात धरून टेबलावर केलेला सराव मोजू नका. परीक्षेत डोकं तुमच्या सोयीने फिरत नाही.

क्लासबद्दल: तुमचं काम स्पष्ट शब्दांत दाखवून देणारं कुणीतरी हवंच. ते शाळेतले प्राध्यापक असतील, वर्षभर पुढे असलेला विद्यार्थी असेल किंवा पैसे देऊन लावलेला क्लास. मॅन्युअल न वाचता क्लासला जाणं मात्र पैसे वाया घालवणं आहे. निकष शब्दाशब्दाने त्यात लिहिलेले असतात.

दातांच्या नंबरांत गोंधळ होतो. काय करू?

हसण्यावारी नेऊ नका, चुकीचा दात ही गंभीर चूक आहे. आपण २१ म्हणतो तो दात इथे ९. आपला १६ म्हणजे इथला ३, १४ म्हणजे ५, ११ म्हणजे ८, २६ म्हणजे १४. १४ आणि २६ च्या जोड्या पुन्हा बघा: १४ हा आकडा दोन्ही पद्धतींत आहे आणि दात वेगळे. इथे वरच्या उजव्या अक्कलदाढेपासून १ सुरू करून डावीकडे १६ पर्यंत, मग खाली डावीकडे १७ आणि उजवीकडे ३२. परीक्षेच्या तीन महिने आधीपासून आपले नंबर पूर्ण बंद करा.

हायजिनिस्टची परीक्षा वेगळी असते का? बीडीएस असून ती देता येते?

वेगळी असते. हायजिनिस्ट म्हणजे दात साफ करणारा प्रशिक्षित तज्ज्ञ. राष्ट्रीय लेखी परीक्षा ३५० प्रश्नांची. क्लिनिकलमध्ये एक भाग संगणकावर, दुसरा हाताने: हिरडीखालचं किटण एक्सप्लोररने ओळखणं, ते पूर्ण काढणं, पॉकेटची (दात आणि हिरडीमधल्या फटीची) खोली मोजणं आणि हे करताना हिरडीला इजा न होऊ देणं. हाताचा भाग मॅनिकिनवर देता येतो. काही ठिकाणी रुग्णावर देण्याचा प्रकारही आहे. किटण डोळ्यांना दिसत नाही, ते बोटांना कळावं लागतं. एक्सप्लोरर घट्ट धरला की काहीच कळत नाही. पेन्सिलीसारखा हलका धरा, दाताच्या अंगाने वर सरकवा आणि 'खट्' कुठे लागतं ते ऐका. बीडीएसवाले यात अडतात, कारण आपण अल्ट्रासॉनिक मशीनवर वाढलो.

फ्लोरिडामध्ये परदेशी दंतवैद्यकीय पदवीधरांना हायजिनिस्टच्या लायसन्ससाठी अर्ज करता येतो. लेखी, क्लिनिकल आणि राज्याच्या कायद्याची परीक्षा पास व्हावी लागते. अनेक मराठी मुलींनी तिथून सुरुवात केली आहे.

'डॉक्टर असून दात साफ करणार?' असं घरचे विचारतात. त्यांना सांगा की हे इथलं जुनं, स्वतंत्र, मानाचं काम आहे. कनेक्टिकटमध्ये आयरीन न्यूमन यांना १९१७ मध्ये पहिलं हायजिनिस्टचं लायसन्स मिळालं, तेव्हापासून.

मी एच-फोर व्हिसावर आहे. लायसन्स मिळालं की काम करता येईल?

लायसन्स आणि काम करण्याची परवानगी या वेगळ्या गोष्टी आहेत. परीक्षा देता येते. एच-फोरवर पगारी काम करायला मात्र ईएडी (काम करण्याचं परवानापत्र) लागतं, आणि ते नवऱ्याच्या किंवा बायकोच्या ग्रीन कार्डची प्रक्रिया ठरावीक टप्प्याला पोचली असेल तरच मिळतं. हजारो डॉलर भरण्याआधी हे वकिलाकडून समजून घ्या.

कागदपत्रांवर नाव वेगवेगळं आहे. अडचण येईल?

येते, आणि आपल्या लोकांना हमखास येते. पदवीवर आडनाव आधी, मग आपलं, मग वडिलांचं. पासपोर्टवर वडिलांचं नाव आपल्या नावाला जोडलेलं. लग्नानंतर ड्रायव्हिंग लायसन्सवर तिसरंच. परीक्षेच्या दारात ओळखपत्रावरचं आणि अर्जातलं नाव जुळलं नाही तर आत सोडत नाहीत. पासपोर्टवर जसं आहे तसंच, अक्षरन् अक्षर, सगळीकडे लिहा. लग्नाचा दाखला इंग्रजीत करून जवळ ठेवा.

ॲडेक्स दिली की कुठल्याही राज्यात चालतं?

बहुसंख्य राज्यांत चालतं, सगळीकडे नाही. न्यूयॉर्क २००७ पासून क्लिनिकल परीक्षेऐवजी एक वर्षाची रेसिडेन्सी मागतं. काही राज्यांत निकालाला मुदत असते, त्यामुळे परीक्षा देऊन पाच-सहा वर्षं घरी बसू नका. दंतवैद्य आणि हायजिनिस्ट यांच्यासाठी राज्याराज्यांमधला करारही २०२४ मध्ये सात राज्यांनी कायदा केल्यावर लागू झाला. त्यात सामील राज्यांत काम करणं सोपं व्हावं हा हेतू आहे, पण त्यासाठीही क्लिनिकल परीक्षा पास असावी लागते.

परीक्षेच्या दिवशी हात थरथरतात. काही उपाय?

आदल्या रात्री नवा बर, नवा हँडपीस, नवं काहीही वापरायला काढू नका. हँडपीस केंद्रातल्या जोडणीत बसतो का ते आधीच विचारून ठेवा. सकाळी पोट भरून खा. रोज चहा घेत असाल तर तेवढाच घ्या, जास्त नको. खुर्ची, दिवा आणि डोक्याचा कोन नीट लावण्यात पहिली दहा मिनिटं खुशाल घालवा. त्या दहा मिनिटांत हात शांत होतो. बर सुरू करण्याआधी अनामिका शेजारच्या दातावर टेकवा. बोट टेकलेलं असलं की थरथर दातापर्यंत पोचत नाही.